घरच्या घरी कारची सस्पेन्शन स्प्रिंग दाबायची असेल तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यात शॉकअप (शॉक अ‍ॅब्सॉर्बर) बदलायची वेळ नेमकी तेव्हाच येते जेव्हा मेस्त (मेकॅनिक) सापडत नाही. पावसाळाभर खड्ड्यांतून आणि रंबलरवरून (रस्त्यावरच्या उंचवट्यांच्या पट्ट्यांवरून) गाडी हाकलेली असते, चवथ (गणेशचतुर्थी) तोंडावर येते, गावच्या घरी जायचं असतं आणि पुढच्या चाकातून खडखड सुरू होते. गॅरेजवाला म्हणतो, चवथ झाल्यावर या. मग कुणीतरी म्हणतं, स्प्रिंग कॉम्प्रेसर, म्हणजे स्प्रिंग दाबून धरायचं अवजार, ऑनलाइन मिळतो, तासाभराचं काम आहे, घरीच करूया.

काम होतं, नाही असं नाही. पण त्यातला एक टप्पा बाकीच्या कामासारखा नाही. ऑइल बदलताना चूक झाली तर अंगण खराब होतं. स्प्रिंग दाबताना चूक झाली तर माणूस जातो.

हे काम घरी करावं की करू नये?

अर्धं करावं. माझं ठाम मत असं: स्ट्रट (शॉकअप आणि त्याच्याभोवतीची स्प्रिंग असा पूर्ण जोड) गाडीवरून उतरवणं आणि पुन्हा चढवणं घरी करा. स्ट्रटवरची स्प्रिंग सोडवून नवीन शॉकअपवर बसवण्याचं मधलं काम गॅरेजमध्ये करून घ्या. उतरवलेला पूर्ण स्ट्रट, वरचा नट जसाच्या तसा घट्ट असताना, डिकीत टाकून नेता येतो. स्प्रिंग तेव्हा आपल्याच दोन बैठकांमध्ये, म्हणजे तिची टोकं टेकतात त्या वाट्यांमध्ये, धरलेली असते, जशी गाडीवर असते तशी. बऱ्या गॅरेजमध्ये भिंतीला किंवा स्टँडला लावलेला कॉम्प्रेसर असतो. त्यात दोन्ही स्ट्रटचं काम थोड्या वेळात होतं. मजुरीतला मोठा भाग उतरवण्या-चढवण्याचा असतो आणि तो तुम्ही वाचवलेलाच असतो.

एवढं सांगूनही काही जण घरी करणारच. गॅरेज लांब असतं, हौस असते, किंवा हातात खरंच कसब असतं. त्यांच्यासाठी पुढचं सगळं. मात्र ज्यांनी आजवर ब्रेक पॅडसुद्धा स्वतः बदललेले नाहीत, त्यांनी स्प्रिंगपासून सुरुवात करू नये.

एका स्प्रिंगला एवढं काय घाबरायचं?

आकडे मांडून बघू. लहान हॅचबॅकच्या पुढच्या स्प्रिंगची ताठरता समजा मिलिमीटरला २० न्यूटन आहे, म्हणजे एक मिलिमीटर दाबायला साधारण २ किलो जोर. ती तिच्या मोकळ्या लांबीपासून १२० मिलिमीटर दाबली की दोन्ही टोकांवर सुमारे २४० किलोचा जोर येतो. आत साठलेली ऊर्जा होते १४४ ज्यूल. भरलेला घरगुती गॅस सिलिंडर साधारण ३० किलोचा असतो. तो अर्ध्या मीटरवरून पायावर पडला तर जेवढा दणका बसेल, तेवढी ही ऊर्जा आहे. फरक इतकाच की सिलिंडर खालीच पडतो. स्प्रिंग कुठे जाईल ते तिचं तीच ठरवते. दोन किलोची स्प्रिंग ती सगळी ऊर्जा घेऊन सुटली तर हिशोबाने तिचा वेग ताशी ४० किलोमीटरच्या पुढे जातो. मोठ्या गाड्यांचे आकडे याहून बरेच मोठे.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुढची अर्धी काळजी तिच्यावर उभी आहे. ऊर्जा दाबण्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ६० मिलिमीटरला ३६ ज्यूल असेल तर दुप्पट दाबल्यावर दुप्पट होत नाही, चौपट होते. म्हणून गरजेपेक्षा एक फेरीसुद्धा जास्त फिरवायची नाही. 'असू दे जरा जास्त, सोपं जाईल' हा विचार इथे उलटा पडतो.

माझ्या गाडीत स्प्रिंग दाबावीच लागते का?

पुढच्या चाकांना बहुतेक लहान गाड्यांत मॅकफर्सन स्ट्रट असतो, म्हणजे शॉकअपभोवतीच स्प्रिंग बसवलेली. अर्ल मॅकफर्सन नावाच्या अमेरिकन अभियंत्याची ही रचना गेल्या शतकाच्या मध्यापासून वापरात आहे. सुटसुटीत आणि स्वस्त असल्यामुळे ती सगळ्या जगात पसरली. असा शॉकअप बदलायचा तर स्प्रिंग दाबण्यावाचून गत्यंतर नाही. इनोव्हा क्रिस्टासारख्या गाडीत पुढे दोन आर्मची रचना असली तरी स्प्रिंग शॉकअपवरच बसते, त्यामुळे नियम तोच, फक्त स्प्रिंग जास्त ताकदीची.

मागचं वेगळं. स्विफ्टसारख्या टॉर्शन बीमच्या (मागची दोन्ही चाकं एका आडव्या बीमने जोडलेल्या) गाड्यांत मागची स्प्रिंग शॉकअपपासून सुटी असते. नुसता शॉकअप बदलायचा असेल तर स्प्रिंगला हात लावावा लागत नाही. स्प्रिंग बदलायची असेल तर बीमखाली जॅक लावून, शॉकअपचे खालचे बोल्ट काढून, बीम सावकाश खाली आणला की बहुधा कॉम्प्रेसरशिवाय ती मोकळी होते. ब्रेकच्या होजला ताण येत नाही ना, यावर मात्र लक्ष ठेवा. आणि ओम्नीच्या मालकांनो, तुमच्या गाडीला मागे पाट्यांच्या स्प्रिंगा आहेत, तिथे हा विषयच नाही.

वरचा मधला नट आधी ढिला करून ठेवला तर चालेल का?

नाही. या पानावरची एकच ओळ लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा.

बॉनेट उघडलं की दोन्ही बाजूंना स्ट्रटचं वरचं टोक दिसतं. बऱ्याच गाड्यांत कडेला दोन किंवा तीन नट असतात आणि मधोमध एक मोठा, कधी प्लास्टिकच्या टोपीखाली झाकलेला. कडेचे नट स्ट्रटला बॉडीशी धरतात. मधला नट स्प्रिंगला स्ट्रटवर धरतो. गाडी जॅकवर असली, चाक लोंबकळत असलं, तरी स्प्रिंग मोकळी झालेली नसते. तेव्हाही तिच्यात शंभर किलोच्या पुढे जोर शिल्लक असू शकतो, आणि त्याला अडवून धरणारा तो एकटा नट असतो. स्प्रिंग कॉम्प्रेसरमध्ये दाबून हाताने सैल फिरते इतकी झाल्याशिवाय त्या नटाला पाना लावायचा नाही.

काही अनुभवी मेस्त गाडी जमिनीवर असतानाच हा नट अर्धी फेरी सैल करून ठेवतात, म्हणजे नंतर जाम राहत नाही. त्यांचा हात बसलेला आहे. घरी करणाऱ्याने हा प्रकार टाळावा. अर्ध्या फेरीच्या कधी दोन फेऱ्या होतात ते गप्पांच्या नादात कळत नाही.

आणखी एक भानगड. काही गाड्यांत वर कडेचे नट नसतातच. मधोमध एकच मोठा नट स्ट्रटला बॉडीशी धरतो आणि स्प्रिंग धरणारा दुसरा नट त्याच्या खाली, आत असतो. वरून बघून हे ओळखता येत नाही. म्हणून त्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल बघितल्याशिवाय वरचा एकही नट सोडू नका. शेजाऱ्याच्या गाडीत तीन होते म्हणून आपल्यातही तसंच असेल, असं नाही.

कॉम्प्रेसर कोणता घ्यावा?

घरगुती वापरात सगळ्यात जास्त दिसतो तो जोडीचा: दोन लांब आट्यांचे दांडे, प्रत्येकाला वर-खाली आकडे (हूक). सगळ्यात जास्त अपघातही याच प्रकारात होतात, कारण दोन्ही बाजू सारख्या ठेवायची जबाबदारी यंत्रावर नसते, तुमच्यावर असते. घेणारच असाल तर या गोष्टी बघा. आकडे जाड आणि घडीव पोलादाचे हवेत, ओतीव लोखंडाचे नकोत. प्रत्येक आकड्याला अडकवण पिन हवी, जी स्प्रिंगच्या वेढ्याला बाहेर निसटू देत नाही. किती भार पेलतो ते त्यावर छापलेलं हवं. दांड्याचे आटे कोरडे आणि खरखरीत नकोत. पिन नसलेला, भार न लिहिलेला, हलक्या वजनाचा जोड कितीही स्वस्त मिळाला तरी सोडून द्या.

उसना आणत असाल तर जास्तच बारकाईने बघा. गोव्याच्या खारट, दमट हवेत शेडमध्ये टांगून ठेवलेला कॉम्प्रेसर दोन पावसाळ्यांत गंजतो. दांडा वाकलाय का, आकड्याच्या कोपऱ्यात बारीक तडा आहे का, नट हाताने पूर्ण लांबीवर फिरतो का ते तपासा. तडा असेल तर तो वापरायचा नाही, वेल्डिंग करून तर मुळीच नाही.

हायड्रॉलिक किंवा भिंतीचा कॉम्प्रेसर या सगळ्यापेक्षा सुरक्षित, पण एका गाडीसाठी घरी घेणं परवडत नाही. आणि घरात भिंतीचा बसवायचा विचार कुणाच्या मनात असेल तर: चिऱ्याच्या (जांभा दगडाच्या) भिंतीत बसवू नका. चिरा सच्छिद्र आणि मऊ, त्यात अँकर बोल्ट आवळला की आजूबाजूचा दगडच भुगा होतो. काँक्रीटचा खांब असेल तर गोष्ट वेगळी.

काम कुठे करायचं? अंगणात चालेल?

जॅकखालची जमीन पक्की आणि सपाट हवी. लाल मातीचं अंगण पावसानंतर वरून वाळलेलं दिसतं, आतून मऊ असतं. जॅक स्टँडचे पाय त्यात हळूहळू रुततात. सिमेंटचा कोबा किंवा पेव्हरची जागा बघा, आणि पेव्हर हलत असतील तर खाली जाड फळी ठेवा. उतारावर नको. आपल्याकडची निम्मी घरं टेकडीच्या उतारावर आहेत, हे मान्य, पण हे काम मग मित्राच्या दारात करा. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून हात आत घालायचा नाही. गाडीबरोबर आलेला जॅक पंक्चर काढण्यापुरता असतो.

स्प्रिंग दाबायची जागा वेगळी निवडा. स्ट्रट आडवा ठेवायचा, त्याच्या दोन्ही टोकांच्या रेषेत कुणी नको. एक टोक भरीव भिंतीकडे, दुसरं मोकळ्या दिशेकडे. बाल्कांवात (घरापुढच्या ओट्यावर) वडीलधारे बसलेत, पोरं सायकल फिरवतायत, कुत्रा शेपूट हलवत मधे येतोय, अशा वेळी सुरूच करू नका. गावात गाडीचं चाक काढलं की चार जण बघायला जमतात. त्यांना चहा द्या आणि लांब बसवा.

अंगावर गॉगल, हातमोजे, बंद बूट. चपला घालून हे काम करणारे पाहिले आहेत, तसं करू नका. अर्थात गॉगल गंजाच्या कणापासून वाचवतो, सुटलेल्या स्प्रिंगपासून नाही.

स्ट्रट उतरवताना काय सांभाळायचं?

मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ओंडके लावा. हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये ठेवा. चाकाचे नट जमिनीवर असतानाच थोडे सैल करा, मग उचला, स्टँड लावा, चाक काढा. स्ट्रटला धरलेली ब्रेक होजची क्लिप, एबीएसची (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) वायर आणि लिंक रॉड सोडवा. ही वायर ताणून तुटली की डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो आणि वाचवलेले पैसे त्यातच जातात.

स्ट्रट आणि नकल (चाकाचा हब धरणारा भाग) यांना जोडणारे दोन बोल्ट सोडवण्याआधी त्यांची जागा रंगाच्या पेनाने किंवा खरवडून खूण करून ठेवा. त्यातल्या भोकांत थोडी ढिलाई असते आणि तिच्यामुळे चाकाचा कल बदलतो. नकल तारेने बांधून ठेवा. ते बाहेर झुकलं तर ड्राइव्ह शाफ्टचा आतला जोड निसटतो आणि सगळं वजन ब्रेक होजवर येतं. वरचे कडेचे नट सगळ्यात शेवटी, आणि तेव्हा एक हात स्ट्रटखाली. जाम झालेल्या बोल्टना आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. समुद्रकाठच्या गाड्यांना ते लागतंच.

आता दाबायची नेमकी पद्धत सांगा.

आधी दांड्याचे आटे वायर ब्रशने साफ करून त्यांना भरपूर ग्रीस लावा. कोरडे आटे जोराखाली एकमेकांना चिकटतात. मग नट ना पुढे जातो ना मागे, आणि दाबलेली स्प्रिंग घेऊन तुम्ही अडकता.

दोन कॉम्प्रेसर स्प्रिंगच्या बरोबर समोरासमोर हवेत, म्हणजे १८० अंशांवर. वेढा तिरका चढत जात असल्याने दोन्ही बाजूंचे आकडे थोडे वर-खाली येतील, ते ठीक. पण घड्याळाच्या काट्यात एक बारावर आणि दुसरा चारवर, असं चालणार नाही. जितके जास्त वेढे आकड्यांच्या मध्ये घेता येतील तितके घ्या. फक्त दोन-तीन वेढे पकडले तर तेच पूर्ण मिटतात आणि बाकीची स्प्रिंग ताणलेलीच राहते. आकडा वेढ्यावर पूर्ण बसला आहे, टोकावर टेकलेला नाही, याची खात्री करा आणि चारही पिना लावा. स्प्रिंगवर तेल किंवा ग्रीस सांडलं असेल तर आधी पुसा. ग्रीस दांड्याला लावायचं, स्प्रिंगला नाही.

यानंतर स्प्रिंगच्या मधून मजबूत साखळी किंवा माल बांधायचा रॅचेट पट्टा ओवून, वेढ्यांभोवती सैल वळसा घालून बांधा. स्प्रिंग सुटली तर तिला तो पूर्ण अडवेल असं समजू नका. ती किती लांब जाईल त्याला मर्यादा घालतो, एवढंच.

आता हाताच्या पान्याने, एका बाजूला दोन फेऱ्या, मग दुसऱ्या बाजूला दोन फेऱ्या. पुन्हा पहिली. कंटाळवाणं आहे, तरी असंच करायचं. दर काही फेऱ्यांनी थांबून बाजूने बघा: स्प्रिंग सरळ आहे का, केळीसारखी एका अंगाला वाकते का, आकडे सरकतायत का. चेहरा कधीही टोकाच्या रेषेत न्यायचा नाही. पाना फिरवताना बाजूला उभं राहायचं, स्ट्रटवर ओणवं व्हायचं नाही.

थांबायचं कधी? स्प्रिंगचं एक टोक बैठकीवरून मोकळं होऊन ती हाताने थोडी फिरवता आली की झालं. त्यापुढे एकही फेरी नाही. वेढे एकमेकांना टेकेपर्यंत तर कधीच नाही.

आता, आणि आताच, मधला नट. शॉकअपचा दांडा आत फिरू नये म्हणून त्याच्या डोक्यातल्या खाचेत अ‍ॅलन की धरायची आणि वाकड्या रिंग पान्याने नट सोडायचा. चकचकीत दांड्याला पकडने धरू नका, ओरखडा पडला की तेलाचं सील फाटतं. नट निघाल्यावर वरचं माउंटिंग, बेअरिंग, बैठक कोणत्या क्रमाने आणि कोणत्या दिशेने होती त्याचा फोटो काढा.

इम्पॅक्ट रेंच आहे, पटकन होईल ना?

कॉम्प्रेसरच्या दांड्यावर लावू नका. धक्क्यांनी आटे तापतात, चिकटतात, आणि एक बाजू दुसरीच्या कितीतरी पुढे निघून जाते. हाताला जो जोर जाणवतो तोच इथे तुमचा इशारा असतो आणि यंत्र तोच हिरावून घेतं.

दाबताना स्प्रिंग वाकू लागली किंवा आकडा सरकला तर?

वाकू लागताच थांबा. जी बाजू जास्त दाबली गेली आहे ती थोडी थोडी सोडत दोन्ही बाजू सारख्या करा. मग सगळी स्प्रिंग मोकळी करून आकडे पुन्हा नीट लावा. अर्ध्यावर असताना आकडा हातोडीने ठोकून सरळ करायचा मोह होतो. स्प्रिंगमध्ये ताण असताना ठोकाठोक अजिबात नाही.

आकडा अर्धवट निसटून कसाबसा टिकला असेल तर जवळ जाऊच नका. सगळ्यांना लांब करा, पोरांना आणि जनावरांना घरात बंद करा, आणि अनुभवी मेस्ताला बोलवा. वाट बघायला लागली तरी हरकत नाही. लाज वाटायचं कारण नाही, मेस्तही अशा वेळी आधी लांबून बघतो.

स्प्रिंग मोडलेली आहे. तीच बदलायची आहे, तिची कसली भीती?

उलट हीच जास्त वाईट. किनारपट्टीच्या गाड्यांत स्प्रिंग बहुधा खालच्या वेढ्याला मोडते, कारण बैठकीत पाणी, वाळू आणि लाल चिखल साचून राहतो. वरचा रंग उडतो, लोखंडाला गंजाचे खड्डे पडतात आणि तिथून तडा सुरू होतो. एक तडा दिसला म्हणजे दुसरा नसेलच असं नाही. शिवाय मोडल्यावर वेढ्यांची मांडणी बिघडते, आकडे सरळ बसत नाहीत, स्प्रिंग दाबताना फिरू पाहते. मोडलेल्या किंवा खोल गंजलेल्या स्प्रिंगचा स्ट्रट सरळ गॅरेजला द्यावा. गाडीही तशी चालवू नका, मोडलेलं टोक टायर फाडू शकतं.

मधे फुगीर आणि टोकांना निमुळत्या स्प्रिंगनाही हाच नियम. साधे आकडे त्यांच्यावर घसरतात.

तारेने बांधून, गाडीच्या वजनाखाली दाबून काढता येते असं ऐकलं.

ऐकलं असेल. गाडी खाली दाबून वेढ्यांभोवती जाड तार किंवा पट्टे बांधायचे आणि मग गाडी उचलायची, ही युक्ती जुनी आहे. तार किती ताण सोसते ते कुणी मोजलेलं नसतं. गाठ किंवा पीळ सुटला तर बांधणाऱ्याचा हात तिथेच असतो. प्लास्टिकच्या टायचं तर नावच नको.

मधेच जेवण, दुपारची झोप झाल्यावर पुढचं केलं तर?

दाबलेली स्प्रिंग तशीच टाकून उठायचं नाही. गोव्यात एक ते तीन सगळं बंद असतं, मान्य. पण स्प्रिंग दाबण्याचं काम सुरू केलं की संपवूनच उठा, किंवा पूर्ण मोकळी करून उठा. सुटा भाग आणायचा राहिला तर दुकान उघडेपर्यंत ती मोकळीच असू दे. म्हणूनच नवीन माउंटिंग, बेअरिंग, बंप स्टॉप, बूट (शॉकअपच्या दांड्यावरचं रबरी आवरण) आणि नट हे सगळं हाताशी आल्यावरच हात घाला. दाबलेल्या स्प्रिंगवर कॉम्प्रेसर लावलेला तसाच डिकीत टाकून गॅरेजला नेणं हा त्याहून मोठा वेडेपणा. एका रंबलरवर काय होईल याचा विचार करा.

नवीन शॉकअपवर बसवताना काय बघायचं?

नवीन शॉकअप उभा धरून त्याचा दांडा काही वेळा पूर्ण आत-बाहेर करा, आतली हवा जागेवर येते. गॅसचा असेल तर दांडा आपोआप वर येतो, दोष समजू नका. स्प्रिंगचं खालचं टोक बैठकीतल्या पायरीजवळ नीट बसलं पाहिजे. तिच्यावर रंगाचे ठिपके असतात, डावी-उजवी किंवा भाराची वर्गवारी दाखवणारे. ते पुसण्याआधी लिहून ठेवा. नवीन स्प्रिंग जुन्यापेक्षा लांब दिसेल, कारण जुनी बसलेली असते. म्हणून थोडी जास्त दाबावी लागेल, हे आधीच गृहीत धरा.

मधला नट नवीनच लावा. तो बहुधा स्वतःच घट्ट राहणारा असतो आणि एकदा काढला की ती पकड जाते. तो मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कला (आवळायच्या जोराला) आवळल्यावरच कॉम्प्रेसर सोडायचा, पुन्हा दोन-दोन फेऱ्या आळीपाळीने. सोडताना घाई होते, कारण मन म्हणतं झालं काम. शेवटच्या काही फेऱ्यांत स्प्रिंग बैठकीत नीट शिरते का ते डोळ्याने बघत राहा. आकड्यांनी स्प्रिंगचा रंग खरवडला असेल तर तिथे रंगाचा हात मारा, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात गंज तिथूनच सुरू होईल.

एकच बाजू गेली आहे, दोन्ही बदलायलाच हव्यात का?

हो, जोडीने. एक ताठ आणि एक बसलेली असेल तर ब्रेक मारताना गाडी एका बाजूला खेचते.

नंतर चाकांचं अलाइनमेंट लागतं का?

लागतं. खुणा कितीही नीट केल्या असल्या तरी करून घ्या, नाहीतर टायर एका कडेने झिजतात. घरापासून अलाइनमेंटच्या दुकानापर्यंत सावकाश जा. स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर वरून 'टणक' असा आवाज येत असेल तर स्प्रिंग बैठकीत नीट नाही किंवा वरचं बेअरिंग उलटं बसलंय. मग पुन्हा उतरवा. आपोआप बसेल, म्हणून वाट बघू नका. थोडं चालवून झाल्यावर चाकाचे आणि स्ट्रटचे नट पुन्हा एकदा टॉर्क रेंचने तपासा.

उंची कमी करायला स्प्रिंगचा एक वेढा कापला तर?

कापू नका. कापलेली स्प्रिंग बैठकीत नीट बसत नाही, मोठ्या खड्ड्यात सुटून तिरकी होऊ शकते. गॅसने तापवून बसवली तर पोलादाचा कडकपणा जातो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत असे फेरफार करायला बंधनं आहेत. आणि गोव्यातल्या स्पीडब्रेकरवर खाली बसवलेली गाडी कशी जाते ते बघायचं असेल तर कुठल्याही शाळेसमोर उभे राहा.

इजा झालीच तर?

१०८ ला फोन करा. ही रुग्णवाहिका सेवा गोवाभर आहे. डोक्याला, छातीला किंवा पोटाला मार बसला असेल तर बाहेरून जखम लहान दिसली तरी रुग्णालयात जा. बोटं चेमटली असतील तर अंगठी आधी काढा, सूज आल्यावर निघत नाही. एकट्याने हे काम करू नये याचं हेही एक कारण आहे: फोन करायला दुसरं कुणीतरी हवं, आणि तो माणूस स्प्रिंगच्या रेषेबाहेर बसलेला हवा.

जुनी स्प्रिंग आणि शॉकअप भंगारात दिले तर चालतात?

मोकळी काढलेली स्प्रिंग म्हणजे नुसतं लोखंड, द्या खुशाल. शॉकअपमध्ये तेल असतं आणि बऱ्याच शॉकअपमध्ये दाबाखालचा वायूही. तो ग्राइंडरने कापू नका, गॅस कटर लावू नका, कचऱ्याबरोबर जाळू नका. भंगारवाल्याला देताना हा गॅसचा आहे असं तोंडाने सांगून द्या. आणि संपूर्ण स्ट्रटच, स्प्रिंग न सोडवता, भंगारात देत असाल तर त्यावर मोठ्या अक्षरात लिहा की स्प्रिंग दाबलेली आहे. पुढे तो मधला नट कटरने उडवणाऱ्याला हे माहीत असेलच असं नाही.